आजी लिओपोल्डला जाते

जिनं गावातली दारूची मडकी फोडली, तिला मुंबईतल्या दीडशे वर्षं जुन्या बारमध्ये न्यायचं? नेलं! पुढे काय झालं, त्याची ही गोष्ट.

‘‘मला त्या गोळ्यांच्या हॉटेलात ने.’’

आजीनं हे वाक्य टाकलं, तेव्हा मी सोमवारचं प्रेझेंटेशन संपवत होते. मला आधी वाटलं, तिला औषधाच्या गोळ्या म्हणायच्यात. शुगरची गोळी, बीपीची गोळी, गुडघ्याची गोळी. पण नाही. आजी बंदुकीच्या गोळ्यांबद्दल बोलत होती. म्हणजेच कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेबद्दल. म्हणजेच जिथे मी गेली आठ वर्षं महिन्यातून किमान दोन शुक्रवार बसते आणि जे घरी सांगताना मी कायम ‘हॉटेल’ या सोयीस्कर शब्दात गुंडाळते, त्या जागेबद्दल.

‘‘कोणतं हॉटेल?’’ मी उगाच विचारलं.

‘‘तुझा वाढदिवस झाला न्हाई का तिथं? फोटो आला व्हता गुरुपवर.’’

बॉस, फॅमिली ग्रुप ही सीबीआयपेक्षा डेंजर संस्था आहे. माझ्या चुलत भावानं माझा फोटो तिथे टाकला होता, आणि माझ्या मागे टेबलावर तीन लिटरचा बिअर टॉवर बुर्जासारखा उभा होता. घरातलं कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, सुटलो. पण नगरला आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि तिला आता सगळं स्वच्छ दिसत होतं.

जामखेड टू मुंबई, व्हाया कडा

थोडी आमची ओळख करून देते. मी जामखेड तालुक्यातली. पूर्वीच्या अहमदनगर आणि २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या अगदी काठावरचा हा तालुका. इतका काठावरचा, की जिल्ह्याच्या ठिकाणी जायला आम्हाला आधी बीड जिल्ह्यात शिरावं लागतं. आष्टी, कडा, मग नगर. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी आमच्याच तालुक्यात. १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं, ते खर्डाही आमचंच. पुण्या-मुंबईच्या लोकांना मात्र जामखेड म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, दुष्काळ आणि कला केंद्रांतल्या संगीत बाऱ्या. पाहुण्यांसमोर पहिली गोष्ट सांगायची आणि दुसरी टाळायची, असा आमच्याकडचा रिवाज.

तिसरी एक गोष्ट आहे, ती जगभरातल्या सार्वजनिक आरोग्यवाल्यांना ठाऊक असते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं जामखेडला आलं. गावोगावच्या, बहुतेक निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. बाळाचं वजन कसं घ्यायचं, जुलाब झाले तर काय पाजायचं, बाळंतपणात काय जपायचं. १९७९ मध्ये या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमची आजी काही आरोग्य सेविका नव्हती. पण गावात महिला मंडळ झालं, तेव्हा ती पहिल्या रांगेत बसायची. ‘‘घरात येड्यासारखं बसून काय करायचं?’’ हे तिचं कारण.

त्या मंडळात बोलता बोलता बायकांच्या लक्षात आलं, की लेकरू वाळतंय कारण घरात धान्य नाही. धान्य नाही कारण मजुरीचा पैसा घरी येत नाही. आणि पैसा येत नाही कारण वाटेत ओढा लागतो. ओढ्याच्या काठी, बाभळीच्या आड हातभट्टी होती. काळा गूळ, नवसागर, जमिनीत पुरलेली मडकी आणि माल वाहायला गाडीच्या टायरची जुनी ट्यूब. आमचे आजोबा रोज संध्याकाळी त्या ओढ्यावर ‘जरा जाऊन येतो’ म्हणून जायचे.

एका रात्री सात-आठ बायका कंदील आणि मुसळं घेऊन ओढ्यावर गेल्या. आजीच्या हातात जात्याचा खुंटा होता. मडकी फुटली. हे सगळं आमच्या घरात दिवाळीला हमखास सांगितलं जातं. लहानपणी आम्ही ती गोष्ट शिवाजी महाराजांच्या गोष्टीसारखी ऐकायचो आणि ‘मग काय झालं?’ असं विचारायचो. आजी म्हणायची, ‘‘मग काय. फुटली.’’

आता सांगा, अशा बाईला मी बारमध्ये कशी नेणार?

बुधवार, २६ नोव्हेंबर

पण तिला लिओपोल्ड बघायचं होतं, त्याला कारण होतं.

२००८ मध्ये मी नववीत होते. त्या रात्री भारत-इंग्लंड वनडे होती, कटकला. आमच्या भागात लोडशेडिंगचा कहर होता, पण त्या दिवशी लाईट होती म्हणून सगळी टीव्हीसमोर. मॅच संपली आणि बातम्या सुरू झाल्या. आधी गँगवॉर म्हणाले, मग काहीतरी भलतंच दिसायला लागलं. पुढचे तीन दिवस आजी टीव्हीसमोरून हलली नाही. माझा काका तेव्हा मुंबईत सिक्युरिटी गार्ड होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. तो सुखरूप निघाला. पण त्या तीन दिवसांत आजीला नावं पाठ झाली. ताज, टायडल (म्हणजे ट्रायडंट), नरिमन, कामा आणि ‘लेवपोळ’.

‘‘लोक जेवत व्हती बिचारी,’’ ती म्हणायची. ‘‘ताटावरच्या माणसाला मारलं.’’

आमच्याकडे ताटावरच्या माणसाला कुणी रागानं हाकही मारत नाही. सतरा वर्षं ही गोष्ट तिच्या मनातून गेली नव्हती. आणि तेच हॉटेल नातीच्या वाढदिवसाच्या फोटोत! मग तिनं ठरवलं, बघायचंच.

गर्दी नको म्हणून आम्ही मंगळवारी दुपारी चारला गेलो. सीएसएमटीहून टॅक्सी केली. रीगलच्या पुढे उतरलो आणि कॉजवेच्या फुटपाथवरच्या कानातल्यांच्या, चपलांच्या स्टॉलमधून वाट काढत निघालो. आजी नऊवारीत, हातावर गोंदण, पायात मी घेऊन दिलेले स्पोर्ट्स शूज. दोन परदेशी पोरींनी वळून पाहिलं. आजीनंही त्यांच्या फाटक्या जीन्सकडे वळून पाहिलं. हिशेब चुकता.

तेलाचं दुकान ते बिअर टॉवर

लिओपोल्ड १८७१ मध्ये इराण्यांनी सुरू केलं. सुरुवातीला हे खाद्यतेलाचं ठोक दुकान होतं. पुढे दीडशे वर्षांत ते कधी रेस्टॉरंट, कधी स्टोअर, कधी औषधांचं दुकानही झालं, म्हणून नाव ‘लिओपोल्ड कॅफे अँड स्टोअर्स’. मुंबईत आलेल्या इराणी मंडळींनी नाक्यानाक्यावर अशी हॉटेलं थाटली आणि बन-मस्का, पानी कम चायच्या जोरावर अर्ध्या शहराला पोसलं. २००३ मध्ये ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्सची ‘शांताराम’ आली आणि जगभरचे बॅकपॅकवाले पुस्तक हातात घेऊन लिओपोल्डचं टेबल शोधायला लागले.

आजीला यातलं तेलाचं दुकान तेवढं आवडलं. ‘‘म्हंजी आधी बरं व्हतं,’’ ती म्हणाली.

आम्हाला खांबाजवळचं टेबल मिळालं. वेटर काका पन्नाशीचे. आजीला बघून त्यांनी मेन्यू कार्ड माझ्या हातात दिलं आणि तिच्यासमोर आधी पाणी ठेवलं. ‘‘कुठून आलात मावशी?’’ अस्सल मराठीत. मला हुश्श झालं. आजीला तर माहेर भेटलं.

‘‘जामखेड. गोळ्या कुठं लागल्यात?’’

अशी डायरेक्ट एन्ट्री! पण वेटर काकांना ते नवीन नसावं. त्यांनी भिंतीतलं भोक दाखवलं, काचेतलं दाखवलं. त्या रात्री साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास दोघं जण आले. ग्रेनेड फेकला, एके-४७ चालवल्या आणि मागच्या गल्ल्यांतून ताजकडे गेले. इथे दहाच्या आसपास माणसं गेली. शहरात त्या हल्ल्यात एकूण १६६. कुलाबा पोलीस स्टेशन इथून हाकेच्या अंतरावर आहे. आणि अवघ्या काही दिवसांत लिओपोल्डनं शटर पुन्हा वर केलं. भोकं मात्र बुजवली नाहीत.

आजी उठली, भिंतीपाशी गेली. भोकाला तिनं बोट लावलं, जात्याच्या तोंडात धान्य सारताना लावतात तसं. आजूबाजूला लोक याच भोकासमोर सेल्फी काढतात. मीही काढलेत, दोन बोटं दाखवून. तेव्हा काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

परत येऊन बसली आणि म्हणाली, ‘‘बुजवलं न्हाई ते बरं केलं.’’

ह्यांच्या बायका कुठं हायत?

तिच्यासाठी फ्रेश लाइम सोडा, गोड. माझ्यासाठीही तोच सांगत होते, तेवढ्यात आजीनं हात वर केला.

‘‘तू रोज घेतीस ते मागव. मला लबाडी नको.’’

‘‘रोज नाही गं आजी...’’

‘‘मागव.’’

आली एक चिल्ड पिंट. खरं सांगते, करिअरमध्ये मी क्लायंटसमोर, बोर्डासमोर प्रेझेंटेशन्स दिलीत, पण त्या पहिल्या घोटाइतकं टेन्शन मला कधीच आलं नव्हतं. आजीनं बाटली उचलून वास घेतला. ‘‘तसला न्हाई,’’ एवढंच म्हणाली. मग मला सोडून ती टेबलं बघायला लागली. शेजारी एक जोडपं होतं. पलीकडे ऑफिसातली चौघं, त्यात दोघी जणी. कोपऱ्यात एक गोरे आजोबा एकटेच पेपर वाचत होते.

‘‘ह्यांच्या घरच्या बायका कुठं हायत?’’

‘‘इथेच बसल्यात की.’’

आजी खूप वेळ गप्प होती. मला वाटलं, आता तत्त्वज्ञान येणार. ती म्हणाली, ‘‘आमच्याकडं बाया मडकं फोडाया जायच्या, तवाच त्यांना तिथं जायला मिळायचं.’’

मग तिला या जागेचा कायदा समजून घ्यायचा होता. बाहेर पाट्यांवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं तिनं वाचलं होतं. परमिट कशाचं? मी सांगितलं. मुंबईत दारूबंदीचा पहिला प्रयोग १९३९ मध्ये झाला. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण बंदी. गृहमंत्री मोरारजी देसाई. प्यायचीच असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या, परमिट काढा. परिणाम? श्रीमंतांना परमिट आणि गरिबांना हातभट्टी. शहरात गल्लोगल्ली ‘आंटी’चे चोरटे अड्डे निघाले. पुढे नियम सैल झाले, पण कायदा गेला नाही. आजही महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कागदोपत्री परवाना लागतो, एका दिवसाचा, वर्षाचा नाहीतर आजन्म. बिअरसाठी वय एकवीस, कडक दारूसाठी पंचवीस.

‘‘म्हंजी तुझ्या आज्याकडं परमीट न्हवतं,’’ आजी म्हणाली आणि हसली. मीही हसले. आणि मग तिनं ती गोष्ट सांगितली. दिवाळीचीच, पण पुढची.

त्या रात्री ओढ्यावर मडकी फोडताना उजेडात तिला दिसलं, की बाभळीखाली बसलेल्या माणसांत आजोबाही होते. बाकीचे पळाले. ते पळाले नाहीत, त्यांना पळता येत नव्हतं. बायका थांबल्या, आता ही काय करते म्हणून. आजीनं त्यांच्या पुढ्यातलं मडकं फोडलं. नवऱ्याच्या समोर, सगळ्या गावाच्या समोर. मग तिनंच त्यांना धरून घरी आणलं.

‘‘सुधारले?’’ मी विचारलं. एकतीस वर्षं ही गोष्ट ऐकतेय, पण हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता.

‘‘न्हाई. दोन कोसावर दुसरी भट्टी व्हती, तिकडं जायला लागले. माझ्याशी वरीसभर बोलले न्हाईत. तिसऱ्या वर्षी पोट फुगून गेले.’’ तिनं स्ट्रॉनं सोड्यातलं लिंबू ढोसलं. ‘‘मडकं फोडलं म्हणून गावातली चार घरं वाचली. माझं घर न्हाई वाचलं. ते कुणी इचारत न्हाई.’’

आमच्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीला अण्णा हजारेंनी दारूबंदी केली, ती देशभर गाजली. २००८ च्या सरकारी आदेशानं तर बायकांच्या हातात मतच दिलं. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला, तर गावातलं दुकान बंद. या सगळ्या यशाच्या गोष्टी आम्ही शाळेत निबंधात लिहिल्या. मात्र फोडलेल्या मडक्याच्या पलीकडे बसलेल्या माणसाचं काय झालं, हे मी घरातच कधी विचारलं नव्हतं. आजीच्या गोष्टीत ते भोक होतं, न बुजवलेलं. आम्ही फक्त त्याच्यासमोर सेल्फी काढत होतो.

अर्धी बाटली

‘‘आता तू सांग,’’ आजी म्हणाली. ‘‘किती घेतीस ते नको सांगू. तो आकडा तुझा आजापण खोटाच सांगायचा. मधीच ठेवून उठता येतं का, तेवढं सांग.’’

माझ्यासमोर अर्धी पिंट उरली होती. मी हसून म्हणाले, ‘‘येतं की.’’

‘‘मग ऊठ.’’

वाचकहो, सिंपल गोष्ट होती. अर्धी बाटली. पण मी उठले नाही. आधी डोक्यात आलं, पैसे वाया जातील. मग आलं, इथे कसं सोडून जायचं, वेटर काय म्हणेल. मग आलं, एवढी संपवते ना, काय फरक पडतो. तीन कारणं, आणि तीही पाच सेकंदांत! क्लायंटला पटवताना मला इतक्या फास्ट सुचत नाही. आणि मग लक्षात आलं, की लॉकडाऊनमध्ये एकटीनं राहताना कामाच्या शेवटी ‘एक’ घ्यायची जी सवय लागली, ती लॉकडाऊन संपल्यावर गेली नाही. ‘एक’ची कधी दीड झाली, कधी दोन, ते कुणालाच दिसलं नाही, कारण बघायला घरात कुणी नव्हतं. मी फुकट जात नव्हते. अप्रेझल उत्तम, ईएमआय वेळेवर, सकाळी जिम. फक्त रात्री साडेनऊ वाजले की पाय आपोआप फ्रिजकडे वळायचे. ओढ्याकडे वळायचे तसेच.

आजी वाट बघत होती. रागानं नाही. मोतीबिंदू काढलेल्या स्वच्छ डोळ्यांनी.

मी उठले. बिल दिलं. वेटर काकांनी अर्धी बाटली बघितली, मला बघितलं आणि आजीला म्हणाले, ‘‘पुन्हा या मावशी.’’ आजी म्हणाली, ‘‘बघू. तेलाचं दुकान परत काढलं तर येईन.’’

फ्रिज

घरी आल्यावर मला आठवलं, फ्रिजमध्ये बिअरचे दोन कॅन आहेत. खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या मागे. आजी आल्यापासून मी ते तसे दडवले होते आणि तिला काही कळलेलं नाही, अशा समजुतीत होते. दार उघडलं तर कॅन वरच्या कप्प्यात, दह्याच्या पातेल्याशेजारी नीट ओळीत मांडलेले. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

‘‘टाकून का नाही दिलेस?’’ मी विचारलं.

‘‘एकदा फोडून बघितलं की,’’ ती कांदा चिरता चिरता म्हणाली. ‘‘आता तुझं तू बघ.’’

त्या रात्री कॅन तसेच राहिले. दुसऱ्या रात्रीही. आजी जामखेडला परतली, त्याच्या तिसऱ्या रात्री त्यातला एक मी उघडला. हे लिहायला नको होतं, गोष्ट आपली छान संपली असती. पण आजीला लबाडी चालत नाही. त्यातला अर्धा मी बेसिनमध्ये ओतला आणि तिला फोन केला. तिला कॅनबद्दल काही सांगितलं नाही. ती मात्र फुल फॉर्मात होती. गावात सगळ्यांना सांगत सुटली होती, मुंबईत जाऊन लेवपोळला बसून आले म्हणून.

‘‘आणि लोक काय म्हणाले?’’

‘‘इचारतात, काय घेतलं? मी सांगितलं, सोडा. कुणाचा इश्वास बसंना!’’

आणि एक हजार मडकी फुटल्यासारखी ती खळखळून हसली.

गेल्या शुक्रवारी ग्रुपबरोबर पुन्हा लिओपोल्डला गेले. खांबाजवळचंच टेबल. वेटर काकांनी काही न विचारता आधी पाणी ठेवलं आणि मग हळूच म्हणाले, ‘‘मावशी बऱ्या आहेत ना? काय देऊ, सोडा?’’

ग्रुपमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. समोरच्या भिंतीत ते भोक होतं.

‘‘सोडा,’’ मी म्हणाले. ‘‘आज तरी.’’